कॅज्युअल्टीतला पीएच : एबीजीचा (धमनीतल्या रक्ताच्या गॅस तपासणीचा) कागद हातात आल्यावर काय बघायचं, कशाला घाबरायचं

पीएच ७.१६. पीएच म्हणजे रक्तातल्या आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. एवढा एकच आकडा फोनवर सांगून कुणी विचारलं, "पेशंट वाचेल का?", तर त्याचं खरं उत्तर "अजून सांगता येत नाही" हेच आहे.

तीन पेशंट डोळ्यांसमोर आणा. पहिला पंचविशीतला मुलगा, रस्त्यात फिट येऊन पडलेला, आता हळूहळू शुद्धीवर येतोय. दुसऱ्या पेशंट मावळातल्या एक बाई. रात्री जमिनीवर झोपल्या होत्या, पहाटे पोटात दुखायला लागलं, आता पापण्या उघडत नाहीत आणि श्वास उथळ चाललाय. मण्यार चावलीय. तिसरे साठीतले गृहस्थ, चार दिवसांपासून ताप, वरचं बीपी ८०, गुडघ्यांवर निळसर जाळी उमटलेली. तिघांचाही पीएच ७.१६ येऊ शकतो. पहिल्याची फिट थांबलेली राहिली, तर तास-दीड तासात त्याचा आकडा आपोआप वर येतो. दुसऱ्या बाईंचा श्वास आपण वेळेत हातात घेतला, तर त्या बहुतेक वेळा चालत घरी जातात. तिसऱ्यांच्या घरच्यांना मात्र बाजूला बसवून बोलावं लागतं.

या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच. आम्ल किती वाढलं हे बघाच, पण ते कशामुळे वाढलं आणि उपचार सुरू केल्यावर दोन तासांनी कुठे चाललंय, यावरून जिवाचा अंदाज येतो. ससून, वायसीएमसारख्या मोठ्या रुग्णालयांत मदतीला वरिष्ठ असतात. मी लिहितोय ते मुख्यतः चाकण, मंचर, सासवड, भोर, हडपसर अशा ठिकाणी लहान-मध्यम हॉस्पिटलात रात्री एकट्याने कॅज्युअल्टी सांभाळणाऱ्या आरएमओंसाठी (निवासी डॉक्टरांसाठी), इंटर्नसाठी आणि सिस्टरांसाठी.

आकडा एवढासा, फरक मोठा

धमनीतल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ असतो. ७.४ वरून ७.१ म्हणजे फक्त ०.३ ने उतरला, असं वाटतं. पण ही मोजपट्टी लॉगरिदमची आहे. पीएच ७.४ ला रक्तात हायड्रोजन आयन लिटरला ४० नॅनोमोल असतात, ७.१ ला ८० आणि ७.० ला १००. ०.३ ने उतरला म्हणजे आम्ल दुप्पट झालं.

हे लक्षात ठेवायची एक सोपी युक्ती आहे. पीएच ७.२ ते ७.५ च्या दरम्यान असेल, तर ८० मधून दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे वजा करा. ७.३० असेल तर ८० वजा ३०, म्हणजे ५०. कागदावरचे आकडे एकमेकांशी जुळतात का, हे तपासायला ही युक्ती पुढे कामाला येते.

साधारण ७.२ च्या खाली हृदयाच्या आकुंचनाचा जोर कमी होऊ लागतो, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि नॉरॲड्रेनलिनसारखी बीपी वाढवणारी औषधं हवा तसा परिणाम देत नाहीत. म्हणून ७.२ ही रेघ मनात असावी. पण ती कानाडोळा न करण्याची रेघ आहे. तिच्या खाली गेलेला प्रत्येक जण जातोच, असा तिचा अर्थ नाही.

सॅम्पल चुकलं तर सगळंच चुकलं

रात्रीच्या घाईत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. लहान हॉस्पिटलात तयार एबीजी सिरिंज नसते. मग २ मिलीच्या साध्या सिरिंजमध्ये बाटलीतून हेपरिन ओढलं जातं. ओढायला हरकत नाही, पण ते सिरिंजच्या आत फिरवून पूर्ण बाहेर काढा. फक्त सुईच्या पोकळीत राहील तेवढंच पुरे. पाव मिली हेपरिन आत राहिलं आणि वर मिलीभर रक्त घेतलं, तर रक्त पातळ होऊन कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्ब (आम्ल शमवणारा क्षार) दोन्ही खोटेच कमी दिसतात. मेटाबोलिक ॲसिडोसिस (श्वासामुळे नव्हे, तर शरीरातल्या बिघाडामुळे वाढलेलं आम्ल) नसताना तो असल्यासारखा वाटतो.

हवेचा बुडबुडा लगेच काढा. बुडबुड्यामुळे कार्बन डायऑक्साइड कमी आणि पीएच जास्त दिसतो, म्हणजे धोका झाकला जातो. सॅम्पल साध्या प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये असेल तर ३० मिनिटांच्या आत मशीनवर लावा. रक्तपेशी सिरिंजमध्येही साखर वापरत राहतात, त्यामुळे उशीर झाला की लॅक्टेट (साखर वापरताना पेशींत तयार होणारा पदार्थ) वाढतं आणि पीएच उतरतो. वॉर्डबॉय मामांना सॅम्पल घेऊन समोरच्या लॅबमध्ये पाठवणार असाल, तर किती वाजता काढलं ते सिरिंजवर लिहा. पेशंट किती ऑक्सिजनवर होता, हेही लिहा. त्याशिवाय ऑक्सिजनच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

दरवेळी धमनीत सुई घालायची गरज नसते. शिरेतल्या रक्ताचा पीएच धमनीपेक्षा साधारण ०.०३ ने कमी येतो. डायबेटिक किटोॲसिडोसिसमध्ये (डीकेए : मधुमेहात इन्सुलिन कमी पडून किटोन नावाची आम्लं साठणं), जंतुसंसर्गात, जुलाबाच्या पेशंटमध्ये तो बिनधास्त वापरा. लॅक्टेटही शिरेतून चालतं. शिरेतला कार्बन डायऑक्साइड मात्र किती जास्त येईल याचा भरवसा नसतो. तो ४५ च्या आत असेल तर पेशंट कार्बन डायऑक्साइड साठवत नाहीये, एवढं खात्रीने म्हणता येतं. जास्त आला, किंवा पेशंट शॉकमध्ये असेल, तर धमनीतूनच घ्या.

कागदाआधी श्वास मोजा

मशीनला दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात पेशंटच्या छातीकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. केसपेपरवर प्रत्येक पेशंटचा श्वास २० लिहिलेला असतो. तो आकडा मोजलेला नसतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सॅच्युरेशन ९८, छाती स्वच्छ, तरी मिनिटाला ३४ खोल श्वास घेणारा पेशंट आम्ल बाहेर टाकण्यासाठी धापतोय. त्याला "टेन्शनमुळे होतंय" म्हणून बाकावर बसवून ठेवू नका. शुगर, किटोन आणि गॅस (एबीजी) तिन्ही लगेच करा.

उलटंही तितकंच महत्त्वाचं आहे. दम्याचा पेशंट ३० च्या गतीने श्वास घेतोय आणि कार्बन डायऑक्साइड "नॉर्मल" ४० आलाय, तर तो नॉर्मल नाही. एवढ्या धापेत तो ३० च्या आसपास असायला हवा. ४० आला म्हणजे पेशंट थकत चाललाय. पुढच्या तासाभरात तो ६० झाला तर नवल नाही.

कागद वाचायचा क्रम

एक उदाहरण घेऊ. आकडे शिकवण्यासाठी जुळवलेले आहेत, पण असा पेशंट तुम्हाला भेटणारच. हडपसरचे ५८ वर्षांचे गृहस्थ, मधुमेह आहे, तीन दिवसांपासून लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप. बीपी ८८/५०, नाडी १२६, श्वास ३४. कागदावर पीएच ७.१८, कार्बन डायऑक्साइड २८, बायकार्ब १०, सोडियम १३४, क्लोराइड ९८, पोटॅशियम ५.४, लॅक्टेट ६.

आधी आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघा. २४ ला कार्बन डायऑक्साइडने गुणा आणि बायकार्बने भागा. २४ गुणिले २८ भागिले १० म्हणजे साधारण ६७. पीएच ७.१८ ला हायड्रोजन आयन ६६ असतात. जुळलं, कागद विश्वासाचा आहे. जुळलं नसतं तर सॅम्पल पुन्हा काढलं असतं.

आता बिघाड कुठला ते बघू. पीएच कमी, बायकार्ब कमी, म्हणजे मेटाबोलिक ॲसिडोसिस. फुप्फुसं त्याला पुरेशी साथ देतायत का? बायकार्बची दीडपट करा, त्यात ८ मिळवा. १० ची दीडपट १५, अधिक ८ म्हणजे २३. दोनने इकडेतिकडे चालतं. म्हणजे कार्बन डायऑक्साइड २१ ते २५ असायला हवा होता, आणि आहे २८. नॉर्मलच्या खाली असूनही तो जास्त आहे! हे गृहस्थ धापतायत, पण पुरेसं धापू शकत नाहीयेत. कागदावरची सगळ्यात धोक्याची गोष्ट मला ही वाटते, आणि नेमकी हीच नजरेतून सुटते, कारण मशीन २८ पुढे "कमी" असा खालचा बाण छापून मोकळं होतं.

मग ॲनायन गॅप, म्हणजे मशीन थेट न मोजणाऱ्या आम्लांचा अंदाज. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्ब वजा करा : १३४ वजा ९८ वजा १०, म्हणजे २६. नॉर्मल १२ धरली तर गॅप १४ ने वाढलीय. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) कमी असेल तर खरी गॅप आणखी मोठी असते. ४ च्या खाली दर १ ग्रॅमला अडीच मिळवा. आपल्याकडे कुपोषित, लिव्हरचे, बरेच दिवस आजारी असलेले पेशंट येतात. त्यांच्यात ही दुरुस्ती केली नाही तर गॅप फसवते.

इथे एक प्रश्न स्वतःला विचारायचा. गॅप १४ ने वाढली, पण लॅक्टेट तर फक्त ६ आहे, म्हणजे नॉर्मलपेक्षा ५ च्या आसपास जास्त. उरलेलं आम्ल कुठून आलं? मधुमेहाचा पेशंट आहे, शुगर बघितली तर ४१०, किटोन तपासले तर भरपूर. म्हणजे दोन आजार एकत्र आहेत : लघवीच्या संसर्गातून सेप्टिक शॉक (संसर्गाने शरीरभर बिघाड म्हणजे सेप्सिस, आणि त्यात बीपी पडणं), आणि त्याने भडकलेला किटोॲसिडोसिस. लॅक्टेट बघून "सेप्सिस" म्हणून थांबला असतात तर इन्सुलिन सुरू व्हायला सकाळ झाली असती. किटोन बघून "डीकेए" म्हणून थांबला असतात तर अँटिबायोटिकला उशीर झाला असता. लॅक्टेटने गॅपचा हिशेब पुरा होत नसेल, तर किटोन, किडनी आणि विषबाधा या तिन्हींचा शोध घ्यायचाच.

गॅप वाढलेली नसताना बायकार्ब कमी असेल, तर बहुतेक वेळा जुलाब, नाहीतर आपणच दिलेलं नॉर्मल सलाईन. सलाईनमध्ये क्लोराइड लिटरला १५४ असतं, रक्तात १०० च्या आसपास. चार-पाच बाटल्या गेल्या की आम्ल वाढलेलं दिसतं. अशा वेळी पुढच्या बाटल्या रिंगर लॅक्टेटच्या लावा. त्यातलं लॅक्टेट लिव्हर वापरून टाकतं, त्याने लॅक्टिक ॲसिडोसिस होत नाही. ही भीती अजून बऱ्याच जणांच्या मनात आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मरणाचा धोका कशावरून ओळखायचा

पीएच हा धोक्याचा निदर्शक आहे, यात वाद नाही. आयसीयूत वापरल्या जाणाऱ्या १९८५ च्या अपाची-२ गुणपद्धतीत (गुण जास्त तितका धोका जास्त) पीएच ७.३३ ते ७.४९ असेल तर शून्य गुण मिळतात, आणि ७.१५ च्या खाली गेला की ४. पण कारणानुसार हिशेब किती बदलतो ते बघा. २००६ साली अमेरिकेतल्या आयसीयू पेशंटचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लॅक्टेटमुळे ॲसिडोसिस झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ५६ टक्के होतं. लॅक्टेट सोडून दुसऱ्या आम्लांमुळे झालेल्यांत ३९ टक्के, आणि क्लोराइड वाढून झालेल्यांत २९ टक्के. ज्यांना मेटाबोलिक ॲसिडोसिस नव्हताच, त्यांच्यातही ते २६ टक्के होतं. म्हणजे क्लोराइडमुळे आम्ल वाढलेला पेशंट आणि आम्ल न वाढलेला पेशंट यांच्यात फारसा फरक नाही, आणि लॅक्टेटवाल्याचा धोका दुप्पट.

म्हणून पीएचच्या जोडीला लॅक्टेट हवंच. बोस्टनच्या एका इमर्जन्सी विभागात संसर्ग घेऊन आलेल्या १,२७८ पेशंटवरचं काम २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. लॅक्टेट २.५ च्या आत असलेल्यांपैकी ४.९ टक्के दगावले, २.५ ते ४ मधले ९ टक्के, आणि ४ च्या वरचे २८.४ टक्के. यात शिकण्यासारखं हे, की लॅक्टेट ४ च्या वर असूनही बीपी ठीकठाक असलेले पेशंट असतात. ते चालत येतात, बोलतात, आणि आपण त्यांना वॉर्डात पाठवून देतो. २०१६ पासूनच्या व्याख्येप्रमाणे पुरेसं पाणी देऊनही बीपी टिकवायला औषध लागतंय आणि लॅक्टेट २ च्या वर आहे, तर तो सेप्टिक शॉक, आणि त्यात मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर जातं.

ही सगळी टक्केवारी परदेशातल्या रुग्णालयांची आहे. खाटेवरच्या एका माणसाला ती जशीच्या तशी चिकटवू नका. घरच्यांना तर ती टक्केवारी ऐकवूच नका.

लॅक्टेट वाढलं म्हणजे रक्तपुरवठाच कमी पडतोय असंही नाही. अस्थमात नेब्युलायझरमधून सॅल्ब्युटामॉल वारंवार दिलं की ते वाढतं. ॲड्रेनलिनने वाढतं. फिट नुकतीच येऊन गेली असेल तर वाढतं. रोज दारू पिणाऱ्या, उपाशी माणसात थायमिन (व्हिटॅमिन बी१) कमी असल्याने वाढतं, आणि त्याला थायमिनचं इंजेक्शन मिळेपर्यंत उतरत नाही. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्याची किडनी बंद पडली तर लॅक्टेट २० च्या वर जाऊ शकतं. तिथे लॅक्टेट २० च्या वर किंवा पीएच ७.० च्या खाली असेल तर वेळ न घालवता डायलिसिसची सोय बघायची. अशा पेशंटचे आकडे बघून आशा सोडू नका; वेळेत डायलिसिस झालं तर त्यातले बरेच वाचतात.

दुसरा कागद पहिल्यापेक्षा महत्त्वाचा

पहिला गॅस पेशंट कुठे उभा आहे ते सांगतो, दुसरा तो कुठल्या बाजूला चाललाय ते. सेप्सिसमध्ये लॅक्टेट २ च्या वर असेल तर दोन ते चार तासांत पुन्हा करा. बायपॅप (मास्कमधून दाबाने श्वास देणारं मशीन) लावला असेल तर तासाभराने. डीकेएमध्ये दर दोन ते चार तासांनी, शिरेतून चालेल. पहिल्या सहा तासांत लॅक्टेट चांगलं उतरलेले पेशंट जास्त वाचतात, हे २००४ पासून वारंवार दिसलंय. ६ चं ४ झालं तर हायसं वाटू द्या. ६ चं ७ झालं, तर बीपी दिसायला बरं असलं तरी काहीतरी सुटलंय : पू साठलाय, आतड्याचा रक्तपुरवठा तुटलाय, मूतखड्याने किडनी तुंबलीय, पोटात रक्तस्राव होतोय. सलाईनची पुढची बाटली लावण्याआधी सोनोग्राफी करा.

पैशांचा प्रश्न खरा आहे. दर गॅसचं बिल पेशंटच्या माथी बसतं आणि नातेवाईक विचारतात, "परत कशाला?" म्हणून उगाच दर तासाला करू नका. पण दुसरा गॅस पैशासाठी टाळू नका. हवं तर तिसरा टाळा.

उपचारातल्या चार ठिकाणच्या चुका

सोडाबायकार्ब. पीएच कमी दिसला की अँप्युल फोडायचा हात शिवशिवतो. पण बायकार्बचा रक्तात कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तो बाहेर टाकायची ताकद पेशंटमध्ये नसेल तर पेशींच्या आत आम्ल वाढतं. श्वासाच्या त्रासामुळे पीएच उतरला असेल तर बायकार्ब देऊच नका. डीकेएमध्ये पीएच ७.० च्या खाली गेल्याशिवाय त्याची गरज नाही. सेप्टिक शॉकमध्ये पीएच ७.२ किंवा कमी आणि जोडीला किडनीला बऱ्यापैकी मार बसलाय, तिथे ते द्यायला हरकत नाही. त्याने डायलिसिसची गरज कमी होते. सरसकट सगळ्यांना दिल्याने जीव वाचतात, असं २०१८ च्या फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत दिसलं नाही. पोटॅशियम जिवावर उठलं असेल तर गोष्ट वेगळी, आणि तिथेही आधी कॅल्शियम.

इन्सुलिन. डीकेएत सुरू करण्याआधी पोटॅशियम बघा. ३.५ च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम द्या. आम्लामुळे पोटॅशियम पेशींबाहेर आलेलं असतं, इन्सुलिन दिलं की ते आत जातं आणि हृदय थांबू शकतं. आपल्या उदाहरणातले ५.४ हेही खरे ५.४ नाहीत, काही तासांत ते झपाट्याने उतरणार आहेत.

ट्यूब, म्हणजे व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत टाकायची नळी. ही चूक सगळ्यात महाग पडते. हडपसरच्या त्या गृहस्थांना थकलेले बघून ट्यूब टाकली आणि व्हेंटिलेटर नेहमीसारखा १४ च्या रेटवर लावला, असं समजा. कार्बन डायऑक्साइड २८ वरून ४० झाला. आता २४ गुणिले ४० भागिले १० करा : ९६. म्हणजे पीएच ७.०२. बायकार्ब तेवढंच, संसर्ग तेवढाच, फक्त आपण त्यांची धाप काढून घेतली, आणि पाच मिनिटांत हृदय बंद पडू शकतं. ट्यूब टाकायचीच असेल तर अनुभवी हाताने टाकावी, औषध दिल्यावरचा बिनश्वासाचा वेळ कमीत कमी असावा, आणि मशीनचा रेट पेशंट जेवढ्याने श्वास घेत होता त्याच्या जवळपास, २८-३२ ठेवावा. श्वास पूर्ण बाहेर पडतोय का ते ग्राफवर बघत राहा. अर्ध्या तासात गॅस पुन्हा करा.

ऑक्सिजन. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या आजी, विडी ओढणारे आजोबा, सीओपीडीचे (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे) पेशंट. यांना सॅच्युरेशन १०० करायला जाऊ नका, ८८ ते ९२ पुरे. पहिले उपचार देऊनही पीएच ७.३५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर असेल तर बायपॅप लावा. तासाभराने पीएच वर सरकला तर बायपॅप काम करतोय. ७.२५ च्या खालीच अडकला आणि पेशंट झोपाळू होत चालला, तर ट्यूबची तयारी आणि आयसीयूला फोन.

आपल्या भागातलं

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गिलाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन स्नायू लुळे पडण्याचा आजार) पेशंट लागोपाठ आले. अशा आजारात गॅस फार उशिरा बिघडतो. स्नायू हळूहळू दमतात, आणि पीएच ७.२५ दिसेपर्यंत ट्यूबची योग्य वेळ निघून गेलेली असते. म्हणून पाय लुळे पडत चाललेल्या पेशंटला एका श्वासात एकपासून पुढे अंक मोजायला लावा. २० पर्यंत पोचत नसेल तर गॅस नॉर्मल असला तरी तो आयसीयूचा पेशंट आहे. मान उशीवरून उचलता येते का, हेही बघा.

मण्यारीच्या बाबतीत पावसाळ्यात डोळे उघडे ठेवा. दंशाची खूण बहुतेक वेळा दिसत नाही, सूज नसते. पहाटे पोटदुखी, पापण्या जड, बोलणं बोबडं एवढंच असतं. कार्बन डायऑक्साइड ७० आणि पीएच ७.१६ असला, तरी हा पेशंट आंबूबॅगवर (हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीवर) तासन् तास टिकवता येतो. हात थांबवू नका. बाहुल्या मोठ्या, हालचाल नाही, म्हणून "गेला" असं ठरवू नका. विषाने स्नायू बंद पडलेले असतात, मेंदू जिवंत असतो.

धान्यात ठेवायच्या गोळ्या खाल्लेला पेशंट मात्र सुरुवातीला चांगला बोलत असतो, आणि तेच फसवं असतं. ॲल्युमिनियम फॉस्फाइडला उतारा नाही. पहिल्याच गॅसमध्ये आम्ल वाढलेलं आणि बीपी पडलेलं असेल तर तो अतिशय गंभीर पेशंट आहे. घरच्यांना हे पहिल्या तासातच सांगा, आणि एक्मो (हृदय-फुप्फुसांचं काम शरीराबाहेरून करणारं मशीन) असलेलं केंद्र गाठता येतंय का ते लगेच विचारा.

मशीन नसेल तर

गॅस मशीन नाही, लॅक्टेट होत नाही, अशा ठिकाणीही हातात बरंच असतं. उजव्या हाताच्या तर्जनीचं (अंगठ्याशेजारच्या बोटाचं) टोकाचं पेर, नखाच्या उलट बाजूने, काचेच्या स्लाइडने दाबा. रंग उडाला की दहा सेकंद दाबून ठेवा, मग सोडा आणि सेकंद मोजा. रंग परत यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर रक्तपुरवठा कमी पडतोय. दर अर्ध्या तासाने पुन्हा करा. २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत झालेल्या एका चाचणीत सेप्टिक शॉकचे उपचार या साध्या तपासणीवर चालवले. लॅक्टेटवर चालवण्यापेक्षा निकाल वाईट आले नाहीत. जोडीला गुडघ्यांवरची निळसर जाळी, तासाची लघवी आणि मोजलेला श्वास. ग्लुकोमीटर आणि लघवीतल्या किटोनची पट्टी तर सगळीकडे असायलाच हवी.

घरच्यांशी बोलताना

पीएच, लॅक्टेट हे शब्द बाजूला ठेवा. बसून बोला, दारात उभं राहून नको. मी साधारण असं सांगतो : "काका, बाबांच्या रक्तात आम्ल वाढलंय. इन्फेक्शनमुळे शरीराला रक्त नीट पोचत नाहीये म्हणून ते वाढलंय. जिवाला धोका आहे. अँटिबायोटिक, सलाईन, बीपीचं औषध सुरू केलंय. दोन तासांनी तीच तपासणी परत करतो. आकडा सुधारला तर थोडी आशा धरू. नाही सुधारला तर तेही तुम्हाला लगेच येऊन सांगेन." आणि दोन तासांनी खरंच जा. पेशंट सुधारलेला नसला तरी जा, तेव्हा तर नक्कीच. कॅज्युअल्टीत जी भांडणं होतात, त्यातली पुष्कळशी कुणी सांगायलाच आलं नाही म्हणून होतात.

पुढे पाठवताना

रेफर चिठ्ठीवर "सिव्हिअर ॲसिडोसिस, रेफर टू हायर सेंटर" एवढंच लिहू नका. दोन्ही गॅसचे आकडे आणि त्यांच्या वेळा लिहा, पहिलं अँटिबायोटिक किती वाजता दिलं ते लिहा, किती बाटल्या गेल्या, नॉरॲड कुठल्या गतीने चालू आहे, लघवी किती झाली. कागदांचे फोटो पुढच्या डॉक्टरांना आधीच पाठवा आणि बेड आहे का ते फोन करून विचारा. सेप्सिसमध्ये अँटिबायोटिक इथेच द्या, "तिकडे गेल्यावर देतील" म्हणून ठेवू नका. धापणाऱ्या पेशंटला शांत करण्यासाठी गाडीत झोपेचं इंजेक्शन देऊ नका. १०८ ला फोन करताना व्हेंटिलेटर असलेली गाडी हवी, हे स्पष्ट सांगा. आणि सिलिंडर स्वतः बघा : भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला १५ लिटरने तो १०० मिनिटं पुरतो. मंचरहून निघालेली गाडी चाकणच्या चौकात अडकली तर तेवढा पुरणार नाही. दुसरा भरलेला सिलिंडर गाडीत चढवूनच गाडी सोडा.